रात्रीचा जबाब

व्हीए म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं, एवढीच माझी माहिती होती. नवऱ्याला तिथून महिन्याच्या महिन्याला काही रक्कम येते, सैन्यात असताना शरीराला आणि मनाला जे लागलं त्याची ती भरपाई असते, हे ऐकून माहीत होतं. त्याचे कागद तो बघायचा, घरची बिलं मी बघायचे. तो मूळचा सातारा जिल्ह्यातल्या घरातला, वाढला न्यू जर्सीत, आणि २००३ साली अमेरिकी सैन्यात भरती झाला. २००५-०६ मध्ये इराकमधल्या बलादच्या तळावर होता. २००८ मध्ये आमचं लग्न झालं, मी पुण्याहून थेट टेक्सासमधल्या लष्करी वसाहतीत आले, आणि २०११ मध्ये तो सैन्यातून बाहेर पडला. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याच्या नावाने एक जाड पाकीट आलं. त्याने ते वाचलं, खणात टाकलं आणि म्हणाला, "नाही म्हणालेत. जाऊ दे." तो कामाला गेल्यावर मी ते बाहेर काढलं. पानं पुष्कळ होती. पहिल्या वाचनात त्याचं नाव आणि वरची तारीख सोडून मला काही कळलं नाही.

दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की दावा स्लीप अ‍ॅप्नियाचा होता. हा आजार मला कागदापेक्षा जवळून माहीत होता. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू खाली जातो, मग मेंदू दचकतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. झोपलेल्या माणसाला सकाळी यातलं काहीच आठवत नाही. २०१८ मध्ये त्याच्या डोक्याला, छातीला आणि बोटाला तारा लावून रात्रभर तपासणी झाली, तेव्हा तासाला सरासरी ४१ वेळा श्वास अडत होता. पाचच्या खाली असेल तर ठीक, तीसच्या वर गेला की आजार तीव्र. तेव्हापासून तो सीपॅप लावून झोपतो. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं हे यंत्र, सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये त्याची पद्धत मांडली. एवढं सगळं असताना ‘नाही’ कसं, हे मला समजेना. उत्तर तिसऱ्या पानावर होतं. आजार आहे हे खात्याला मान्य होतं. तो सैन्यात असताना सुरू झाला, किंवा सैन्यातल्या कशामुळे झाला, याचा पुरावा फायलीत नव्हता. सैन्य सुटलं २०११ मध्ये, तपासणी २०१८ ची, मधली सात वर्षं कोरी. त्याने दाव्यासोबत फक्त तपासणीचा अहवाल जोडला होता. आजचा आजार, तेव्हाची घटना आणि या दोहोंना जोडणारा दुवा, अशा तीन गोष्टी लागतात. आमच्याकडे पहिली होती.

पत्राच्या शेवटी पुढच्या वाटा दिल्या होत्या. अपील म्हणजे कोर्ट, वकील, तारखा असं माझ्या मनात होतं. इथे तीन वेगळ्या वाटा निघाल्या, प्रत्येकीचा फॉर्म वेगळा. हायर लेव्हल रिव्ह्यू, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, फॉर्म २०-०९९६. सप्लिमेंटल क्लेम, म्हणजे पुरवणी दावा, फॉर्म २०-०९९५. आणि तिसरी वाट वॉशिंग्टनच्या बोर्ड ऑफ व्हेटरन्स अपील्सकडे, तिथे न्यायाधीश निर्णय देतात, फॉर्म १०१८२. ही रचना २०१७ च्या कायद्याने झाली आणि फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. मला पहिली वाट पटली. एका अधिकाऱ्याने नाही म्हटलं तर त्याच्या वरच्याकडे जावं, ही आपली रीतच आहे. मी तो फॉर्म उतरवून घेतला आणि भरायलाही बसले. त्यात पुरावा जोडायची जागा कुठे आहे ते मला सापडेना, तेव्हा वाटलं पान राहिलं असेल.

सासूबाई त्या दिवसांत आमच्याकडे होत्या. त्यांचे थोरले भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत होते, निवृत्तीनंतर गावीच राहिले. मी टेबलावर कागद पसरून बसलेली बघून त्या म्हणाल्या, "अगं, आपल्याकडं साताऱ्याला सैनिक कल्याण कार्यालय हाय. दादाचं सगळं कागद तितनंच व्हायचं. हितं न्हाई व्हय तसलं काय?" मी "इथे सगळं ऑनलाइन असतं आई" असं म्हणाले आणि पुन्हा फॉर्मकडे वळले. रात्री सहज शोधून पाहिलं, तर आमच्या काउंटीत, काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, तस्संच कार्यालय निघालं. काउंटी व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर. घरापासून गाडीने फार लांब नाही, आणि सेवा फुकट. इतकी वर्षं मी त्या रस्त्यावरून जात होते.

तिथल्या बाई स्वतः नौदलातून निवृत्त झालेल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडून २१-२२ नंबरच्या फॉर्मवर सही घेतली. त्यामुळे त्यांच्या संघटनेला त्याच्या वतीने फाइल बघता येते. मग माझा अर्धवट भरलेला फॉर्म उलटा करून ठेवला. "या वाटेवर नवा पुरावा चालत नाही," त्या म्हणाल्या. "जेवढं फायलीत आहे तेवढंच दुसरा माणूस नव्याने वाचतो. खात्याने काही चुकीचं वाचलं असेल तर ही वाट. तुमच्या फायलीत वाचायलाच काही नाही." पुरवणी दाव्याला नवा आणि संबंधित पुरावा लागतो, आणि एकदा तो दाखल झाला की पुरावा गोळा करायला मदत करणं हे खात्याचंही कायदेशीर कर्तव्य ठरतं. निर्णयाच्या पत्रावरच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत दावा पुढे नेला, तर मंजुरी कधीही येवो, भरपाई मूळ दाव्याच्या तारखेपासून धरतात. वर्ष उलटून गेलं तर पुन्हा दावा करता येतो, पण मधल्या काळाचे पैसे हातचे जातात. पत्र खणात पडून होतं तेव्हा ते वर्ष सरत होतं, हे मला तिथे खुर्चीत बसल्यावर समजलं.

एक गोष्ट त्यांनी फार निक्षून सांगितली, आणि ती मी जो भेटेल त्याला सांगते. दावा जिंकून देतो, वाढलेल्या रकमेतून इतक्या महिन्यांचे पैसे आम्हाला द्या, असं म्हणणाऱ्या कंपन्यांचे फोन माजी सैनिकांना येतात. पहिला दावा दाखल करून देण्यासाठी पैसे घेणं कायद्याने कुणालाच चालत नाही. निर्णय आल्यानंतर पुढच्या कामासाठी मान्यताप्राप्त वकील किंवा एजंट फी घेऊ शकतो. ती थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंत असेल तर वाजवी समजतात, एक तृतीयांशाच्या वर गेली तर गैरवाजवी. डीएव्ही, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू या जुन्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी मात्र काहीच घेत नाहीत. नवऱ्याच्या फोनमध्ये अशा कंपनीचे मेसेज पडलेले होते आणि त्यातल्या एकाला मी उत्तर द्यायच्या विचारात होते.

पहिलं काम होतं सी-फाइल मागवण्याचं. माणसाबद्दल खात्याकडे जे जे आहे त्या सगळ्याचा गठ्ठा म्हणजे सी-फाइल. २०-१०२०६ नंबरचा फॉर्म भरून ती मागता येते. ती यायला वेळ लागला आणि आली तेव्हा पानांची संख्या बघून मी घाबरले. लसीकरण, दातांची तपासणी, गुडघा मुरगळल्याची नोंद, कुणाचं तरी वाचता न येणारं अक्षर. कुठे काय शोधायचं हेच मला कळत नव्हतं. ‘स्लीप अ‍ॅप्निया’ हे शब्द मी पानोपान शोधत होते आणि ते कुठेही नव्हते. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आजाराचं नाव शोधू नका. त्रास शोधा. मोहिमेवरून परत येताना भरलेला फॉर्म असेल, डीडी २७९६, तो बघा."

तो होता. इराकहून परतणाऱ्या प्रत्येकाला भरावा लागे. त्यात त्रासांची लांब यादी असते आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही असा गोल. जुनाट खोकला, नाक वाहणं, कानात आवाज, असं करत करत एक ओळ येते: झोपून उठल्यावरही थकवा वाटणं. त्यापुढचा ‘हो’चा गोल भरलेला होता. काळ्या पेनाने, गोलाच्या बाहेर थोडी शाई गेलेली. खाली सही आणि २००६ ची तारीख. नवऱ्याला हा फॉर्म भरल्याचं आठवतही नव्हतं. "घरी जायची घाई होती, सगळे भराभर गोल काळे करत होते," एवढंच तो म्हणाला. पण त्या घाईतही त्याने बाकीच्या बऱ्याच ओळींपुढे ‘नाही’ भरलं होतं आणि या ओळीपुढे ‘हो’. सैन्य सोडताना भरलेल्या दुसऱ्या एका फॉर्मवर झोपेचा वारंवार त्रास, या चौकटीतही खूण होती. म्हणजे मधली सात वर्षं कोरी असली तरी त्यांच्या आधी दोन खुणा उभ्या होत्या. त्या दिवशी संध्याकाळी मी पहिल्यांदा नवऱ्याला म्हणाले, "हे जाऊ द्यायचं नाही."

इथे माझा एक मोठा गोंधळ झाला तो सांगायला हवा, कारण पुष्कळ घरांत तोच होत असणार. नवऱ्याला पीटीएसडीसाठी, म्हणजे युद्धाच्या आघातानंतर मनावर राहिलेल्या ताणासाठी, विकलांगतेचे ५० टक्के आधीच मंजूर आहेत. कानातल्या सततच्या आवाजासाठी, ज्याला टिनिटस म्हणतात, १० टक्के. मला वाटलं, रात्री तीनला उठून तो स्वयंपाकघरात बसतो तेही झोपेच्या दाव्यात लिहावं. बाईंनी थांबवलं. झोप न लागणं, भयाण स्वप्नं पडणं हे पीटीएसडीच्या ५० टक्क्यांत धरलेलं आहे. एकाच त्रासाचे दोनदा टक्के देता येत नाहीत, असा नियम आहे. श्वासाची वाट बंद होणं हा मात्र शरीराचा वेगळा आजार. तो श्वसनसंस्थेच्या विभागात ६८४७ या संकेतांकाखाली येतो. तिथे चारच पायऱ्या: तपासणीत आजार दिसतो पण त्रास नाही तर शून्य, दिवसा सतत पेंग येत असेल तर ३०, सीपॅपसारखं यंत्र लागत असेल तर ५०, आणि श्वसन निकामी होत चाललं असेल किंवा गळ्याला छिद्र पाडावं लागलं असेल तर १००. तोवर मी दिवसरात्र ‘झोपेचा त्रास’ असं एकच गाठोडं बांधून बोलत होते. त्यात दोन वेगळे आजार होते आणि मी आता दुसऱ्याचंच बोलायचं होतं.

मग दुव्याचं पत्र. नेक्सस लेटर म्हणतात त्याला. आजार आणि सेवा यांच्यात संबंध आहे असं डॉक्टरने कारणांसह लिहून द्यायचं असतं. झोपेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आनंदाने लिहून दिलं: रुग्णाचा आजार सैन्यातल्या सेवेशी संबंधित असू शकतो. मी ते पत्र जपून फोल्डरमध्ये घालून बाईंकडे नेलं. त्यांनी ‘असू शकतो’वर बोट ठेवलं. "असू शकतो आणि नसूही शकतो. याला वजन नाही." खात्याला लागतं ते म्हणजे संबंध असण्याची शक्यता नसण्याइतकी तरी आहे, असं स्पष्ट मत. पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त. आणि डॉक्टरने कोणते कागद वाचून ते मत बनवलं हेही त्यात हवं. आमच्या डॉक्टरांनी सैन्यातला एकही कागद पाहिलेला नव्हता, कारण मी त्यांना एकही दाखवला नव्हता.

पुन्हा गेले ते सी-फाइलमधली निवडक पानं घेऊन. एक शंका मला छळत होती, ती मी डॉक्टरांना विचारली. सैन्य सोडताना नवऱ्याचं वजन १७४ पौंड होतं, म्हणजे ७९ किलो. झोपेच्या तपासणीच्या वेळी २३८, जवळजवळ १०८ किलो. मधल्या काळात त्याला पीटीएसडीसाठी मिर्टाझापीन नावाची गोळी होती, तिने भूक वाढते. मग आजार वजनामुळेच झाला असं कुणी म्हटलं तर आपला दावा पडला का? डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. त्याच्या घशाची ठेवणच अरुंद आहे, जबडा मागे आहे. अशा माणसाला सडपातळ असतानाही त्रास सुरू होतो आणि वजन वाढलं की तो बळावतो. आणि वजन औषधाने वाढलं असेल, औषध पीटीएसडीचं असेल, तर तीही सेवेपर्यंत पोचणारी साखळीच आहे. बाईंनीही याला दुजोरा दिला. लठ्ठपणा हा स्वतः भरपाईचा आजार मानत नाहीत, पण तो मधला टप्पा असू शकतो असं खात्याच्या कायदा विभागाने २०१७ मध्येच लेखी सांगितलं आहे. म्हणून दाव्यात दोन्ही लिहायचं ठरलं: आजार सेवेतच सुरू झाला, आणि तसं मान्य नसेल तर पीटीएसडीच्या उपचारांनी तो झाला किंवा वाढला. डॉक्टरांचं दुसरं पत्र लांबलचक आलं, त्यात २००६ च्या त्या गोलाचाही उल्लेख होता.

आता राहिला माझा जबाब.

२१-१०२१० हा फॉर्म कुणाही साक्षीदारासाठी असतो, सोबतचा सैनिक, बायको, आई, शेजारी. मला वाटलं हे सगळ्यांत सोपं. एका बैठकीत लिहिलं: माझ्या नवऱ्याला २००८ पासून तीव्र स्लीप अ‍ॅप्निया आहे आणि तो सैन्यातल्या सेवेमुळे झाला आहे. बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात?" मी नाही म्हणाले. "मग हे तुम्ही लिहू शकत नाही. निदान डॉक्टर करतो. तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं, कानांनी काय ऐकलं, ते लिहा. ते तुमच्याइतकं दुसरं कुणीच सांगू शकत नाही, आणि न्यायालयांनी तशी साक्ष ग्राह्य धरलेली आहे." मी कागद घेऊन घरी आले. टेबलाशी बसले आणि मला काही सुचेना. पंधरा वर्षं जे ऐकलं ते कधी कुणाला सांगायचं असतं असं मनातच आलेलं नव्हतं. माझ्या माहेरी घोरणाऱ्या माणसावर हसत असत. माझे वडील घोरत, काका घोरत, दमलेला माणूस घोरणारच.

मग हळूहळू एकेक आठवू लागलं. वसाहतीतलं घर, खिडकीतला एसी, त्याचा आवाज एकसारखा, त्यामुळे त्यात खंड पडला तर लगेच कळायचं की खंड एसीचा नाही. घोरणं वाढत वाढत जायचं आणि एकदम थांबायचं. पूर्ण. छाती हलायची, पण हवा आत जात नसायची. मी अंधारात डोळे उघडे ठेवून वाट बघायचे, मग त्याच्या दंडाला हलवायचे, आणि तो जोरात हिसका देऊन श्वास घ्यायचा, पाण्यातून वर आल्यासारखा, आणि कुशीवर वळायचा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. सकाळी तो पलंगाच्या कडेला डोकं हातात धरून बसायचा, डोकं दुखतंय म्हणायचा. सिग्नलला गाडी थांबली की त्याची मान खाली जायची, म्हणून वसाहतीतून बाहेर जाताना मी गाडी चालवायला शिकले. त्या वेळी तो सडपातळ होता. लग्नातला कोट त्याला खांद्यात बसत होता पण कमरेला सैल होता. हे सगळं मी लिहिलं. कुठल्या घरात, साधारण कोणत्या साली, आठवड्यातून किती रात्री. आजाराचं नाव कुठेही नाही. लिहिताना मला रडू आलं. त्या बाईने, म्हणजे तेव्हाच्या मी, इतक्या रात्री एकटीने जागून काढल्या होत्या आणि सकाळी उठून डबा केला होता.

बाईंनी विचारलं, तेव्हाचं काही लिहिलेलं आहे का? डायरी, पत्र? नाही म्हणता म्हणता आठवलं की तेव्हा मी पुण्याला बहिणीला लांब लांब ईमेल करायचे. बहिणीला फोन केला. तिने जुना मेलबॉक्स उघडून शोधलं आणि मार्च २००९ चा एक ईमेल पाठवला. भाजी कुठे मिळते, बर्फ पडला नाही, शेजारीण चांगली आहे, आणि मध्येच दोन ओळी: याचा रात्री श्वास थांबतो गं, मला फार भीती वाटते, आईला सांगू नकोस. रोमन अक्षरांतलं मराठी. मी त्याचं इंग्रजी केलं, भाषांतर माझं आहे असं सहीनिशी लिहिलं, मूळ ईमेलसोबत जोडलं. आईला सांगू नकोस हेही इंग्रजी केलं, गाळलं नाही.

बलादच्या तंबूत त्याच्यासोबत राहिलेल्या एका मित्राला नवऱ्याने स्वतः फोन केला. किती वर्षांनी बोलत होते दोघं. तो कबूल झाला आणि त्याने आपला जबाब पाठवला. त्यात होतं की याच्या घोरण्यामुळे सगळ्यांनी मिळून याची खाट तंबूच्या टोकाला, दाराशी हलवली होती, आणि पहाऱ्याच्या आधी उठवायला गेलं की हा गुदमरल्यासारखा जागा व्हायचा. नवऱ्याने ते वाचलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. खाट हलवली होती हे त्याला आठवत होतं. का हलवली ते त्याला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं.

पुरवणी दावा वर्षाच्या आत गेला. मग तपासणीचं बोलावणं आलं. सी अँड पी एक्झाम म्हणतात ती. खातं अनेकदा बाहेरच्या कंत्राटी डॉक्टरांकडून करून घेतं. मी समजत होते की पुन्हा तारा लावून झोपवतील. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, नाक-घसा पाहिला, यंत्र किती तास वापरतो विचारलं. यंत्रातच रोजच्या वापराची नोंद राहते, ती आम्ही छापून नेली होती. संपलं पण. मी बाहेर थांबले होते, हातातल्या पर्सचा बंदसुद्धा सोडला नव्हता.

निर्णय आला तेव्हा या वेळी दोघांनी मिळून वाचला. कंत्राटी डॉक्टरांचं मत आमच्या विरुद्ध होतं: सेवेत निदान झालेलं नाही, संबंध असण्याची शक्यता कमी. ते वाचून माझे हात गार पडले. खाली आमच्या डॉक्टरांचं मत होतं, कारणांसह. आणि त्याखाली लिहिलं होतं की बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा साधारण समतोल आहे आणि अशा वेळी कायद्यानुसार संशयाचा फायदा माजी सैनिकाला मिळतो. क्रिकेट बघत वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही, फायदा फलंदाजाला. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या अपील न्यायालयाने १९९० मध्ये गिल्बर्ट खटल्यात हाच नियम समजावताना बेसबॉलचा दाखला दिला होता, हे बाईंनी नंतर सांगितलं. पुराव्यांच्या यादीत डीडी २७९६ होता, मित्राचा जबाब होता, ‘पत्नीचा जबाब’ होता, आणि ‘ईमेल, भाषांतरासह’. आजार सेवेतच सुरू झाला असं मान्य झालं होतं. यंत्र लागतं म्हणून ५० टक्के, मूळ दाव्याच्या तारखेपासून.

५० पीटीएसडीचे, ५० हे, १० कानाचे, म्हणजे ११० झाले की, असं मी मोठ्याने म्हणाले. पत्रात ८० होते. पुन्हा बाईंना फोन. हिशेब असा की माणूस आधी शंभर टक्के धडधाकट धरायचा. पहिल्या ५० ने तो ५० उरला. पुढचे ५० त्या उरलेल्याचे, म्हणजे २५. आता झाले ७५. मग उरलेल्या २५ चे १० टक्के, अडीच. साडेसत्याहत्तर, तक्त्यात ७८. शेवटी जवळच्या दहाला आणायचं: ८०. याआधी ५० आणि १० चे याच रीतीने ५५ होऊन ६० धरले होते, हे मला आत्ता कळलं. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दादाला ईसच्या खाली हाय म्हणून कायच दिलं नव्हतं." भारतीय सैन्यात विकलांगता पेन्शनसाठी साधारणपणे किमान २० टक्के लागतात आणि तिथेही आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेने वाढला हे सिद्ध व्हावं लागतं. मामांच्या कागदात काय लिहिलं होतं ते घरात कुणी वाचलं होतं का, असं मी विचारलं. त्यांनी ट्रंक बघायला भाच्याला सांगितलं आहे.

तंबूतल्या त्या मित्राने जबाब लिहिल्यावर स्वतःच्या बायकोला विचारलं, मी घोरतो का गं? ती म्हणाली, हे तू मला आज विचारतोयस? त्याची तपासणी झाली, यंत्र आलं, आणि आता त्याचा दावा चालू आहे, त्याच्या काउंटीतल्या कार्यालयातूनच. त्याच्यासाठी जबाब लिहायला माझा नवरा बसला आहे. पहिल्याच ओळीत त्याने आजाराचं नाव लिहिलं, ते मी खोडायला लावलं. आता तंबूत मित्राची खाट डाव्या ओळीत होती की उजव्या, यावर दोघांचा फोनवर वाद चालू आहे.